पहिला हात सिस्टरांचा

सिस्टर,

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्यात. सोबत फोटो आहे, तुमच्या नातवाने दिलेला असणार. त्यात तुम्ही हसताय, आणि कॅमेऱ्यासमोर तुम्ही हसल्याचं मला तरी आठवत नाही. निवृत्त परिचारिका, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडं. दात हा शब्द कुठेच नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी नाही. आणि मनमिळाऊ? माझ्याशी तुम्ही सहा वर्षं भांडलात. गाडीत भांडलात, शाळांच्या व्हरांड्यात भांडलात, एकदा तर एका पोराच्या उघड्या तोंडावरून भांडलात आणि ते पोर बिचारं आळीपाळीने आपल्या दोघांकडे बघत राहिलं. त्या भांडणांवरच आपलं काम चाललं, असं आता वाटतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी सव्वीस वर्षांचा, मुंबईहून दंतवैद्यकीची पदवी घेऊन आलेला, पुण्याच्या पेठेत वाढलेला. ऊस मी फक्त रसवंतीत बघितला होता. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मिळून एकच दातांची गाडी निघाली आणि त्या गाडीवर माझी नेमणूक झाली. मला वाटलं होतं, गाडी म्हणजे काहीतरी चकचकीत असेल. निघाली एक जुनी रुग्णवाहिका. आतलं स्ट्रेचर काढून तिथे खुर्ची ठोकलेली. बहुतेक शाळांत वीज नव्हती, म्हणून दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं. पायडल तुम्ही मारायचात आणि मी कोरायचो. पोरं त्याला शिलाई मशीन म्हणायची. ड्रायव्हर होते जाधव, फौजेतून निवृत्त झालेले. ते शाळेच्या आवारात गाडी लावायचे ती परेडला उभी केल्यासारखी.

आणि तुम्ही. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. तासगावकडच्या एका बौद्ध घरातल्या, शिकून नर्स झालेल्या, वाड्यावस्त्यांवर कितीतरी बाळंतपणं केलेल्या. पहिल्या दिवशी तुम्ही मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंत आणि विचारलंत, "डॉक्टर, लहान लेकराचा दात काढलाय का कधी?"

"कॉलेजात दोन काढलेत," मी म्हणालो.

तुम्ही म्हणालात, "बरं." त्या 'बरं'चा मला आठवडाभर राग होता.

राग गेला तो लोणंदजवळच्या एका शाळेत. गाडी आवारात शिरली आणि तिसरीचा अख्खा वर्ग मागच्या कुंपणावरून पसार झाला. गुरुजी छडी घेऊन मागे धावायला निघाले. मी हातात चिमटा घेऊन दारात उभा, म्हणजे उरलेसुरलेही पळावेत अशा थाटात. तुम्ही गुरुजींना थांबवलंत, पायरीवर मांडी घालून बसलात आणि तोंड उघडून बसून राहिलात. नुसत्या बसून राहिलात. हळूहळू दोन डोकी कुंपणावरून डोकावली. मग पाच. मग तुम्ही त्यांना म्हणालात, "माजं दात मोजा रं. कुणाला येत्यात मोजायला?"

पोरं आली. एकाने बोट घालून मोजलेसुद्धा. "बाई, एक कमी हाय."

"व्हय. तो दुखत हुता तवा भ्यापायी कुणाला दावला न्हाई. सडला आन् गेला. आता तुजं दाव, बगू तुजं तरी पुरं हायती का."

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळी शाळा तपासून झाली. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं." तुम्ही म्हणालात, "कॉलेजात खाली बसायला जागा नसेल."

आपलं पहिलं मोठं भांडण एका शब्दावरून होतं. मी मुलांना सांगायचो, "दुखणार नाही." तुम्ही सांगायचात, "दुखंल." मला ते रानटीपणाचं वाटायचं. मी म्हणायचो, सिस्टर, मूल घाबरलं तर हाताखाली स्थिर राहत नाही, आधी त्याची भीती घालवायला हवी. तुम्ही म्हणायचात, डॉक्टर, तुम्ही उद्या दुसऱ्या गावाला जाल. ह्या पोराला जन्मभर कुठल्या ना कुठल्या डॉक्टरपुढे बसायचंय. पहिलाच खोटं बोलला तर ते पुढच्याचं कसं ऐकेल? मी हट्टाने माझंच म्हणत राहिलो. दोन वर्षं एकाच खुर्चीतल्या मुलाला एका कानाने 'दुखणार नाही' आणि दुसऱ्या कानाने 'दुखंल' ऐकायला मिळत होतं.

दुसरं भांडण मिश्रीचं. शाळेतलं काम आटोपलं की तुम्ही नळावर, विहिरीवर बायकांना गाठायचात. मिश्री, म्हणजे तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, आया स्वतः दातांना लावायच्या आणि आठ-आठ वर्षांच्या लेकींनाही लावायला द्यायच्या. तुम्ही त्यांना असं काही झापायचात की बायका पदरात तोंड लपवायच्या. आणि मग एके दिवशी कापसाच्या डब्यामागे मला ती पत्र्याची डबी सापडली.

"हे काय आहे?"

"औषध."

मी उघडून वास घेतला. "सिस्टर!"

तुम्ही शांतपणे डबी माझ्या हातातून काढून घेतलीत. "त्या दातांना लावत्यात. मी लावते ती डोकं चालावं म्हणून. तुमच्यासंगं काम करायचं तर डोकं चालाया पायजे." जाधव ड्रायव्हरांना हसू आवरेना. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हसून झाल्यावरच पुढे काढली. तुम्ही शेवटपर्यंत ती सोडलीत की नाही, मला माहीत नाही. परवा सांत्वनाला आलो तेव्हा सुनेला विचारावं असं फार मनात आलं, पण धीर झाला नाही.

विट्याकडचं ते गाव तुम्हाला आठवत असेलच. तिकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली. धातू वितळवून शुद्ध करायचा हा त्यांचा धंदा. मी शाळेच्या खिडकीपाशी खलात चांदीची पूड आणि पारा घोटत होतो, एका मुलाची दाढ भरायची होती. त्याचा बाप सुट्टीवर गावी आलेला. तो खिडकीतून बघत उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "डाक्टर, पारा जास्ती झालाय."

मला राग आला. "तुम्ही दातांचं काम करता का?"

"न्हाई. मी चांदीचं करतो."

तुम्ही खाली मान घालून हसायला लागलात. मी निमूटपणे तो गोळा फडक्यात घालून पिळला, तर पाऱ्याचा चांगला टपोरा थेंब बाहेर आला. गृहस्थाने मान हलवली आणि लगेच गावात सांगत सुटला, चांदी खरी हाय, मी सोता बगितली. तासाभरात अख्खं गाव शाळेपुढे. एक म्हातारी तर हटूनच बसली, माज्या बी तोंडात घाला. तुम्ही तिला म्हणालात, "आज्जे, तुजा एक बी दात न्हाई. चांदी भरायची कशात?" ती म्हणाली, "म्हून तर म्हनते, चांदीचाच बसवा." त्या गावात आपण एकही दाढ न काढता दिवसभर नुसत्या दाढा भरल्या. परत येताना तुम्ही गाडीत गाणं गुणगुणत होता. मी ओळखीचं आहे का म्हणून ऐकत होतो, तर तुम्ही गप्प झालात.

आता त्या दुसऱ्या गावाबद्दल लिहितो. त्याचं नाव लिहीत नाही. कृष्णाकाठचं, उसाने भरलेलं, मोठ्या शाळेचं गाव. गाडी थांबली, आपण सामान उतरवायला लागलो आणि मुख्याध्यापकांनी मला वडाखाली बाजूला घेतलं. त्यांना घाम आला होता.

"डॉक्टरसाहेब, आबांचा निरोप आहे." आबा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ, शाळेची जागा त्यांच्याच वडिलांनी दिलेली. "तपासणीला त्यांची काही हरकत नाही. फक्त, सिस्टरांनी पोरांच्या तोंडात हात... म्हणजे तुम्ही समजून घ्या. गाव आहे."

मी समजलो. त्या वेळी गाडीत सामान परत भरून निघून जाता आलं असतं. मोठ्याने एक वाक्य बोलता आलं असतं. शाळेत तीनशे मुलं आहेत, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, काम महत्त्वाचं, ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली. मी येऊन तुम्हाला म्हणालो, "सिस्टर, आज तुम्ही गाडीपाशीच थांबा. साहित्य उकळून द्या."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आज मुलं जास्त आहेत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग जाऊन स्टोव्हला पंप मारायला लागलात.

ती सकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट सकाळ होती असं म्हणणार नाही, पण सगळ्यात लाजिरवाणी नक्कीच होती. माझ्यापुढे पोरं तोंडच उघडेनात. दोन तासांत जेमतेम दहा-अकरा तपासली. पायडल मीच मारायचं आणि कोरायचंही मीच. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. मग एका मुलीला आणलं, सुमन तिचं नाव. दुसरीत होती. डावा गाल लिंबाएवढा सुजलेला. दुधाच्या दाढेत पू झाला होता आणि चार दिवस ती नुसत्या पाण्यावर होती. ती आबांची नात, हे मला गुरुजींनी कानात सांगितलं. मी गोड बोलून तिची हनुवटी धरली, तर ती माझ्या बोटाला कडकडून चावली आणि पळाली.

पळाली ती थेट गाडीकडे. तुमच्या स्टोव्हपाशी जाऊन उभी राहिली. मी मागोमाग पोचलो तेव्हा तुमचं दोघींचं बोलणं सुरू झालं होतं.

"ह्ये काय उकाळतीस?"

"चिमटं."

"कशाला?"

"तुजी दाढ काढायला."

"दुखंल?"

"अजिबात नाही, बाळ," मी मागून ओरडलो.

"दुखंल," तुम्ही म्हणालात. "सुई टोचल ती मुंगी चावल्यावानी. मग दाढ वडताना लय दुखंल, धा आकडं मोजोस्तवर. मग ती भायेर. मग सांजच्याला दुधात भाकरी कुस्करून खाशील."

मुलीने विचार केला. "धाच?"

"मी मोजते की. धाच्या वर गेलं तर डाक्टरचा हात धरीन."

ती पायरीवर बसली आणि तिने तोंड उघडलं. तुम्ही तिच्या हनुवटीकडे हात नेलात आणि तो मध्येच थांबवलात, कारण आबा फाटकातून आत येत होते. काठी टेकत, पटका बांधलेले, मागे दोन-चार माणसं. तुमचा हात तसाच हवेत. तुम्ही मागे घेतला नाहीत आणि पुढेही नेला नाहीत. साऱ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तुम्ही विचारलंत, "आबा, पोरीच्या तोंडात हात घालू का?"

स्टोव्ह तेवढा घरघरत होता. मुख्याध्यापक जमिनीकडे बघत होते. मीही. मग सुमननेच तुमचं मनगट धरलं आणि तो हात ओढून आपल्या सुजलेल्या गालाला लावला. आबा म्हणाले, "आटपा लवकर," आणि त्यांनी पाठ फिरवली.

मी सुई दिली. थोडा वेळ थांबून दाढ धरली. तुम्ही एका हाताने तिचं डोकं छातीशी धरलंत, दुसऱ्याने जबडा, आणि मोजायला लागलात. एक. दोन. ती किंचाळली, पण हलली नाही. सातला दाढ बाहेर आली. पू आला, रक्त आलं, तुम्ही कापूस दाबलात. मुलीने डोळे उघडले आणि कापसातूनच म्हणाली, "आजून तीन ऱ्हायलं." तेव्हा तुम्ही मान्य केल्यासारखी मान हलवलीत आणि तिच्यासाठी आठ, नऊ, दहा हेही नीट मोजलंत.

त्यानंतर मुलं रांगेने आली. तुम्ही पायडलवर बसलात आणि कुणी अडवलं नाही. दुपारी आबांच्या घरून मला चहाचं बोलावणं आलं, मला एकट्याला. मी काम आहे म्हणून गेलो नाही. त्यात माझं शौर्य काही नव्हतं. मला चहा गेलाच नसता.

परतीच्या वाटेवर उसाची शेतं मागे पडली. मग मी म्हणालो, "तुमचा हात बघवेना म्हणून म्हाताऱ्याने पाठ फिरवली."

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "नातीचं रडणं बघवंना म्हणून फिरवली."

"तुम्ही त्याची बाजू घेता?"

"बाजू न्हाई घेत. मी त्याचं तोंड बघितलंय. तुम्ही कुठं बघितलंत? तुम्ही तर सकाळीच पाठ फिरवली होती."

जाधवांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. थोड्या वेळाने तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, "पुढच्या वेळी मला गाडीपाशी बसवायचं झालं तर मला आधी खरं सांगा, डॉक्टर. मग बसायचं का घरी जायचं का तिथंच उभं राहायचं, ते माझं मी ठरवीन. आज ते तुम्ही ठरवलंत."

मी 'हो' म्हणालो. त्या दिवसापासून मुलांना 'दुखणार नाही' म्हणायचं मी सोडलं. आणि पुढच्या शाळेत गाडीतून उतरताच, मुख्याध्यापकांनी नमस्कार करायच्या आत मी म्हणालो, "ह्या आमच्या सिस्टर. पहिला हात ह्यांचा, मग माझा. चालेल ना?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण सामान उतरवताना ट्रे जरा जोरात आपटलात. पुढच्या चार वर्षांत प्रत्येक गावात मी हेच वाक्य बोललो. दोन गावांनी 'चालणार नाही' म्हटलं. दोन्हीकडून आपण गाडी वळवली, आधी तुम्हाला विचारून. एका गावाने पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावलं. दुसऱ्याने कधीच नाही. आबांच्या गावात आपण दर वर्षी गेलो. चहा कधी आला नाही, पण तुमच्या हाताला आडकाठीही कुणी केली नाही.

मग गाडीचं इंजिन बसलं. नवी गाडी येणार येणार म्हणत आली नाही. मी साताऱ्यात दवाखाना टाकला, तुमची सांगलीला बदली झाली. मला त्याचं फार वाईट वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. आपण ज्या ज्या शाळेत गेलो तिथली कितीतरी पोरं मोठी होऊन माझ्या दवाखान्यात येत राहिली. दाढी-मिशीवाले पुरुष खुर्चीत बसता बसता विचारायचे, "त्या बाई कुठं असत्यात आता? मोजायच्या त्या?" मी सांगायचो, सांगलीला असतात, मजेत असतात. मला आनंद व्हायचा. चाळीस वर्षं दवाखाना चालवला, पण माझं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी त्या सहा वर्षांचंच नाव घेतो.

चार महिन्यांपूर्वी सांगलीला तुमच्याकडे आलो ते एक गोष्ट बोलायची म्हणून. पन्नास वर्षं ती तशीच राहिली होती. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता, अंगाने निम्म्या झालेल्या. सुनेने चहा ठेवला आणि ती आत गेली. मी घसा खाकरला. "सिस्टर, त्या कृष्णाकाठच्या गावात, त्या दिवशी सकाळी मी..."

"थांबा," तुम्ही म्हणालात. "तुम्ही एका बाजूनं चहा पिताय. तोंड उघडा."

"काही नाही हो, वयाने..."

"उघडा म्हणते ना."

आणि मी उघडलं. पंचाहत्तरी ओलांडलेला दातांचा डॉक्टर, तुमच्या खाटेच्या कडेला तोंड आ वासून. तुम्ही नातवाच्या मोबाईलची बत्ती लावून घेतलीत, बोटाने माझा गाल बाजूला केलात आणि आत बघितलंत.

"खालची शेवटची. पार गेलीय. कुणाला दाखवली का?"

मी तोंड उघडं ठेवूनच मान हलवली. नाही.

"भ्यालात," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मग त्या दाढेबद्दल इतकं बोललात, कुणाकडे जा, कधी जा, आधी रक्तदाब तपासा, की माझं राहूनच गेलं. बसची वेळ झाली. दाराशी मी वळलो तेव्हा तुम्ही हात हलवून सांगितलंत, "पुढच्या खेपेला दाढ काढूनच या."

मी टाळत राहिलो. खेप काही झाली नाही.

आज सकाळी गेलो. माझ्याच हाताखाली काम शिकलेल्या एका मुलीकडे, तिच्या दवाखान्यात. अर्ध्या तासात दाढ निघाली. आता घरी बसलोय, कापूस दाबून धरलाय, अर्धं तोंड बधिर आहे. बोलायला गेलो तर ओठ एकीकडे जातो, म्हणून लिहितोय. एरवी कदाचित लिहिलंही नसतं.

सिस्टर, त्या सकाळी मी तुमच्याशी खोटं बोललो. चुकलो. पन्नास वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.